चंद्राची तिथी आणि उड्डाणाची घटिका

चंद्रयान-३ घेऊन निघालेल्या प्रक्षेपकाने श्रीहरिकोट्याची भूमी सोडली, ती १४ जुलै २०२३ रोजी दुपारी २ वाजून ३५ मिनिटे आणि १७ सेकंदांनी. अशी वेळ जाहीर झाली की आपल्याकडे दोन तऱ्हेची बोलणी ठरल्याप्रमाणे सुरू होतात. एक पक्ष अभिमानाने सांगतो की आपल्या शास्त्रज्ञांनीदेखील अखेर मुहूर्त पाहिलाच. दुसरा पक्ष तितक्याच आवेशाने म्हणतो की विज्ञानाच्या राज्यात तिथी-नक्षत्रांचे कामच काय. या दोन्ही पक्षांनी गणिताकडे पाठ फिरवलेली आहे, आणि ज्या पुणे शहरात दीडशे वर्षांपूर्वी तिथीच्या काही घटकांच्या फरकावरून विद्वानांनी आयुष्ये वेचली, त्या शहराने तरी हा वाद इतक्या उथळ पाण्यात राहू देऊ नये. चंद्राकडे जाण्याची वेळ तिथी आणि नक्षत्र यांच्याच गणिताने ठरते, परंतु त्या गणिताचा शुभाशुभ फळाशी यत्किंचितही संबंध नसतो; आणि ते गणित आपल्या शाळांतील मुलांना स्वतः करता येणे हाच आपल्या पंचांगपरंपरेचा आज उरलेला सर्वांत मोठा उपयोग आहे, असे माझे स्पष्ट मत आहे.

पहिल्या पक्षाचे म्हणणे पंचांगाच्याच कसोटीवर टिकत नाही. १४ जुलै २०२३ या दिवशी आषाढ वद्य द्वादशी होती आणि देवशयनी एकादशी उलटून चातुर्मास लागलेला होता. १८ जुलैपासून १६ ऑगस्टपर्यंत अधिक श्रावण होता, आणि अधिक मासात विवाह, उपनयन, वास्तुशांती ही कार्ये वर्ज्य मानण्याचा आपला प्रघात घरोघरी ठाऊक आहे. यानाला पृथ्वीभोवतीच्या कक्षेतून सोडवून चंद्राच्या वाटेला लावणारे प्रज्वलन १ ऑगस्टच्या मध्यरात्रीनंतर लगेच झाले आणि ५ ऑगस्टच्या सायंकाळी ते चंद्राच्या कक्षेत दाखल झाले. म्हणजे मोहिमेतील दोन अत्यंत निर्णायक कृत्ये अधिक मासातच उरकली गेली. मुहूर्तच पाहावयाचा असता, तर कोणत्याही परंपरानिष्ठ ज्योतिषाने ही तजवीज नामंजूर केली असती. परंतु एवढ्यावरून दुसऱ्या पक्षाचा विजय झाला असे समजण्याचे कारण नाही. कारण ज्यांना तिथी म्हणजे केवळ व्रतवैकल्यांची यादी वाटते, त्यांना हे ठाऊकच नसते की तिथी म्हणजे आकाशात सूर्य आणि चंद्र यांच्यामध्ये पडलेले अंतर होय, आणि चंद्राच्या भूमीवर कोठे उजाडले आहे व कोठे अद्याप अंधार आहे याचा निवाडा हेच अंतर करीत असते.

चंद्रमोहिमेचा काळ उड्डाणापासून पुढे मोजला जात नाही, तो अवतरणापासून मागे मोजला जातो. पंढरीची आषाढी एकादशी ठरलेली असते, म्हणून आळंदीहून माउलींच्या पालखीचे प्रस्थान ज्येष्ठ वद्य अष्टमीला ठेवले जाते, आणि तिथीचा क्षय किंवा वृद्धी झाली तर वाटेतील मुक्काम कमी-जास्त करून एकादशी साधली जाते. यानाच्या प्रवासाची आखणीही याच न्यायाने होते. चंद्रावरची एकादशी म्हणजे उतरण्याच्या जागेवरील सकाळ. तेथील दिवस आपल्या सुमारे चौदा दिवसांइतका मोठा आणि रात्रही तितकीच मोठी. त्या रात्री तापमान शून्याखाली १८० अंशांच्याही खाली उतरते. सूर्यप्रकाशावर चालणाऱ्या यंत्राला कामासाठी जी काय मुदत मिळते ती या एका दिवसाची. म्हणून दिवस मावळता मावळता उतरणे हा अपव्यय, आणि भर दुपारी उतरणे हा धोका, कारण माथ्यावरच्या उन्हात सावल्या लोपतात आणि खाली येत असलेल्या यानाच्या कॅमेऱ्यांना खड्डा कोणता व शिळा कोणती हे उमगत नाही. सूर्य क्षितिजापासून थोडासाच वर आलेला असावा, सावल्या लांब पडलेल्या असाव्यात आणि पुढे जवळजवळ सगळा दिवस हाताशी असावा, अशी वेळ साधावी लागते.

ही वेळ कोणती, हे शाळेतील आठवी-नववीचा विद्यार्थीही कागद-पेन्सिल घेऊन काढू शकतो. सूर्य व चंद्र यांतील अंतर दर १२ अंशांनी वाढले की एक तिथी पुरी होते. हे अंतर ९० अंश होते तेव्हा आपल्याला अर्धा चंद्र दिसतो. त्या वेळी साडेसात तिथ्या संपलेल्या असतात, म्हणजे शुक्ल अष्टमी चालू असते, आणि चंद्रबिंबाच्या बरोबर मधल्या रेखांशावर सूर्य उगवत असतो. चंद्रयान-३ चा विक्रम हा लँडर उतरला ती जागा चंद्राच्या दक्षिण अक्षांश ६९ अंशांवर आणि मधल्या रेखांशाच्या पूर्वेस सुमारे ३२ अंशांवर आहे. पूर्वेकडे आधी उजाडते, हा नियम चंद्रावरही तोच. म्हणून ९० मधून ३२ वजा केले तर राहिले ५८ अंश, आणि ५८ ला १२ ने भागले तर येतात पावणेपाचहून किंचित अधिक तिथ्या. म्हणजे त्या जागी सूर्य उगवतो तो शुक्ल पंचमीच्या अखेरीस. चंद्र आपल्याकडे एकच बाजू ठेवून फिरत असला तरी तो किंचित डोलतो, आणि त्या दोलनामुळे या हिशेबात अर्ध्या तिथीचा फरक पडू शकतो. सूक्ष्म गणितात तोही धरावा लागतो. आता प्रत्यक्ष घडले काय ते पाहा. विक्रम उतरला २३ ऑगस्ट २०२३ रोजी सायंकाळी ६ वाजून ४ मिनिटांनी. त्या वेळी निज श्रावण शुक्ल सप्तमी चालू होती. उतरण्याच्या जागी सूर्य उगवून साधारण दोन-अडीच तिथ्या लोटल्या होत्या, आणि इतक्या दक्षिणेकडील अक्षांशावर सूर्य तिरकस चढत असल्यामुळे तो क्षितिजापासून फारसा वर गेलेला नव्हता. पुढे २ सप्टेंबरला त्याच्यासोबतचा प्रज्ञान हा रोव्हर आणि ४ सप्टेंबरला विक्रम निद्रिस्त करण्यात आले, कारण तेथील संध्याकाळ जवळ आली होती. कागदावरचा हिशेब आणि चंद्रावरची घटना यांची रुजुवात इतकी नेमकी पटते, हे पाहण्याचा आनंद प्रत्येक विद्यार्थ्याला एकदा तरी मिळाला पाहिजे.

हा नियम कोणा एका देशाच्या हुकमातला नाही. त्याच महिन्यात रशियाचे लूना-२५ हे यानही दक्षिण ध्रुवाच्या परिसराकडे निघाले होते. ते आपल्या यानानंतर जवळजवळ चार आठवड्यांनी, ११ ऑगस्टला सुटले आणि तरीही आपल्याआधी, २१ ऑगस्टला उतरावयाचे होते. लोकांनी त्यात शर्यत पाहिली. परंतु लूनाची नियोजित जागा विक्रमच्या जागेहून सुमारे ११ अंश पूर्वेस होती, म्हणजे तेथे जवळजवळ एक दिवस आधी उजाडणार होते, हे कारण फार थोड्यांनी लक्षात घेतले. दुर्दैवाने ते यान १९ ऑगस्टला चंद्रावर आदळून नष्ट झाले. दोन राष्ट्रे, दोन प्रक्षेपक, दोन वाटा. परंतु दोघांनाही एकाच शुक्ल पक्षातील एकाच पहाटेची वाट पाहावी लागली. त्याच्याही ५४ वर्षे आधी अपोलो-११ मधून माणूस चंद्रावर उतरला, तेव्हा भारतात २१ जुलै १९६९ ची उत्तररात्र होती आणि तिथी शुक्ल षष्ठीच्या सुमारास होती. ती जागा मधल्या रेखांशाच्या पूर्वेस सुमारे साडेतेवीस अंशांवर, म्हणून वरच्याच रीतीने हिशेब केला तर षष्ठीच येते. त्या मोहिमेसाठी १६, १८ आणि २१ जुलै असे उड्डाणाचे तीन दिवस राखून ठेवलेले होते, आणि प्रत्येक दिवसासाठी उतरण्याची जागा वेगळी, आधीच्या जागेहून पश्चिमेकडची होती. कारण चंद्रावरची पहाट दररोज सुमारे १२ अंश पश्चिमेकडे सरकते आणि उशीर झाला तर पहाटेच्या मागोमाग जागाही सरकवावी लागते.

तिथीने उजेडाचा प्रश्न सुटला. परंतु पोचावयाचे कोठे, हा प्रश्न नक्षत्राने सुटतो. चंद्र रोज सुमारे १३ अंश पुढे जातो, आणि आपल्या पूर्वजांनी आकाशपट्ट्याचे २७ भाग केले तेही याच हिशेबाने, की चंद्राने साधारणपणे रोज एक नक्षत्र ओलांडावे. तेव्हा यानाचा नेम आजच्या चंद्रावर धरून चालत नाही. यान पोचेल त्या दिवशी चंद्र जेथे येणार, त्या आज रिकाम्या असलेल्या जागेवर तो धरावा लागतो. १ ऑगस्ट २०२३ च्या मध्यरात्रीनंतर चंद्रयानाने पृथ्वीची कक्षा सोडली तेव्हा चंद्र उत्तराषाढा नक्षत्रात होता. ५ ऑगस्टच्या सायंकाळी यान व चंद्र यांची गाठ पडली तेव्हा चंद्र पाच नक्षत्रे पुढे, उत्तराभाद्रपदेत पोचलेला होता. शिवाय श्रीहरिकोट्याहून पूर्वेकडे सोडलेले यान ज्या लांबट कक्षेत जाते, तिचे दूरचे टोक विषुववृत्ताच्या आसपास पडते. म्हणून चंद्र आपल्या वाटचालीत खगोलीय विषुववृत्त ओलांडीत असेल अशा सुमारास त्याला गाठणे इंधनाच्या दृष्टीने किफायतीचे असते, आणि ५ ऑगस्टच्या त्या सायंकाळी चंद्र विषुववृत्ताच्या अगदी निकट होता. आता अडचण अशी की चंद्र त्याच नक्षत्रात परत येतो २७.३ दिवसांनी, आणि तीच तिथी परत येते २९.५ दिवसांनी. ही दोन चक्रे एकमेकांशी जुळत नाहीत, दरमहा त्यांच्यात दोन दिवसांहून अधिक अंतर पडते. म्हणून एका महिन्यातील सोयीची तारीख पुढच्या महिन्यात तशीच्या तशी उचलून ठेवता येत नाही आणि वर्षातील काही महिने अनुकूल, काही प्रतिकूल ठरतात.

उरला प्रश्न घटिकेचा. पृथ्वी चार मिनिटांत एक अंश फिरते आणि श्रीहरिकोटाही तिच्याबरोबर फिरते. म्हणून यानाच्या कक्षेचे लांब टोक आकाशातील ठरलेल्या दिशेकडे वळावे अशी घटिका दिवसातून मोजक्याच वेळा येते व थोड्याच वेळात निघून जाते. यालाच अंतराळशास्त्रज्ञ लाँच विंडो म्हणतात. चंद्रयान-३ साठी १२ ते १९ जुलै हे दिवस राखलेले होते आणि त्यांतही प्रत्येक दिवसाची वेळ स्वतंत्र काढलेली होती. त्या वेळेवरही शेवटचा संस्कार होतो तो आकाशातील केरकचऱ्याचा. निकामी उपग्रहांचे व जुन्या प्रक्षेपकांचे अवशेष पृथ्वीभोवती घिरट्या घालीत असतात, आणि नव्या यानाच्या वाटेत त्यांपैकी एखादा येतो की काय, याची तपासणी उड्डाणापूर्वी केली जाते. चंद्रयान-३ च्या बाबतीत असा एक तुकडा धोकादायक अंतरावर येईल असे दिसले, म्हणून उड्डाण ४ सेकंद पुढे ढकलण्यात आले, असे इस्रोच्या त्या वर्षीच्या अहवालात नमूद आहे. आरंभी सांगितलेल्या १७ सेकंदांचे रहस्य हे असे आहे. त्या चार सेकंदांत ना कोणता योग होता ना कोणते करण. होते ते केवळ सावध गणित.

या सर्व विवेचनात मला सर्वांत मोलाची वाटते ती थांबण्याची शिस्त. १५ जुलै २०१९ रोजी पहाटे २ वाजून ५१ मिनिटांनी चंद्रयान-२ सुटावयाचे होते. साऱ्या देशाचे डोळे लागलेले होते, निमंत्रित पाहुणे श्रीहरिकोट्यात हजर होते, आणि उड्डाणाला ५६ मिनिटे व २४ सेकंद उरलेली असताना तांत्रिक दोष आढळल्यामुळे उलटी मोजणी थांबवण्यात आली. तेवढ्या गर्दीसमोर, तेवढ्या अपेक्षांसमोर उड्डाण तहकूब करणे ही सोपी गोष्ट नव्हे. दोष दूर करून यान २२ जुलैला दुपारी २ वाजून ४३ मिनिटांनी सुटले, आणि एक आठवडा वाया गेलेला असूनही अवतरणाची तारीख केवळ एका दिवसाने, ६ सप्टेंबरवरून ७ सप्टेंबरवर गेली. हे साधले कसे? चंद्रावरची पहाट पुढे ढकलता येत नाही. म्हणून वाटेतले मुक्काम बदलले. पृथ्वीभोवतीचे दिवस वाढवले, चंद्राभोवतीचे कमी केले, आणि ५४ दिवसांचा प्रवास ४८ दिवसांत बसवला. त्या ७ सप्टेंबरच्या पहाटे, ऐन गणेशोत्सवात, पुण्यातील कितीतरी घरे जागी होती. चंद्रयान-२ च्या लँडरशी, त्याचेही नाव विक्रमच, संपर्क तुटला तेव्हा झालेले दुःख खरे होते. परंतु आकाशाचा हिशेब त्या रात्री चुकला नव्हता. चुकले ते उतरण्याच्या अखेरच्या टप्प्यातील यंत्राचे नियंत्रण, आणि ते चार वर्षांत दुरुस्त करण्यात आले. त्याच शिस्तीने २०२३ मध्ये अहमदाबादच्या अंतराळ उपयोजन केंद्राचे संचालक नीलेश देसाई यांनी आधीच जाहीर करून ठेवले होते की परिस्थिती अनुकूल न वाटल्यास २३ ऑगस्टचे अवतरण २७ ऑगस्टवर नेले जाईल आणि तो निर्णय दोन तास आधी घेतला जाईल. ज्याला वेळेचे कारण ठाऊक असते त्यालाच ती वेळ सोडून देण्याचे आणि दुसरी निवडण्याचे धैर्य असते. ज्याने वेळ नुसती श्रद्धेने किंवा नुसती दिमाखासाठी धरलेली असते, त्याला ती सोडवत नाही.

पुण्याला ही शिस्त परकी नाही. केरो लक्ष्मण छत्रे यांनी १८६० साली ‘ग्रहसाधनाची कोष्टके’ सिद्ध केली, तेव्हा बहुतेक पंचांगे गणेश दैवज्ञांच्या ‘ग्रहलाघव’ या १५२० च्या सुमाराच्या ग्रंथावरून बनत. तो ग्रंथ आपल्या काळी अप्रतिम होता. परंतु सुमारे तीनशे चाळीस वर्षांत त्याचे ग्रह आणि आकाशातले ग्रह यांत अंतर पडले होते, ग्रहणाच्या वेळा चुकू लागल्या होत्या. छत्र्यांनी नव्या वेधांच्या आधारे पंचांग काढले, तेच पुढे पटवर्धनी पंचांग म्हणून ओळखले गेले, आणि त्यावरून उठलेला वाद दोन पिढ्या चालला. वादाचा मुद्दा एवढाच होता की ग्रंथात लिहिलेले आणि आकाशात दिसणारे यांत विरोध आला तर प्रमाण कोणते मानावे. पुण्याच्या ट्रेनिंग कॉलेजात अध्यापन करणारे शंकर बाळकृष्ण दीक्षित यांनी ‘भारतीय ज्योतिषशास्त्र’ हा आपला महाग्रंथ १८९६ साली प्रसिद्ध केला. छत्र्यांचे शिष्य असलेल्या लोकमान्यांनी पंचांगशोधनाचा प्रश्न सार्वजनिक केला. १९०४ साली मुंबईत आणि १९२० साली सांगलीत त्यासाठी परिषदा भरल्या. या सर्व पुरुषांचे परंपरेवर निःसीम प्रेम होते, आणि त्या प्रेमापोटीच त्यांनी आकाशाचा दाखला ग्रंथाच्या दाखल्याहून श्रेष्ठ मानला. स्वातंत्र्यानंतर मेघनाद साहा यांच्या अध्यक्षतेखाली नेमलेल्या पंचांग सुधारणा समितीत ‘केसरी’चे माजी संपादक ज. स. करंदीकर हे सभासद होते, ही गोष्टही या शहराने विसरू नये.

आजच्या पुण्याकडे साधनांची वाण नाही. ज्योतिर्विद्या परिसंस्था १९४४ पासून येथे आकाशनिरीक्षणाचे काम करीत आहे. १९८८ साली स्थापन झालेली आयुका ही संस्था विद्यापीठाच्या आवारात आहे, आणि तिचे संस्थापक संचालक डॉ. जयंत नारळीकर यांनी मराठीतून विज्ञान सांगण्याचे व्रत अखेरपर्यंत चालवले. २० मे २०२५ रोजी ते आपल्यातून गेले. पुणे जिल्ह्यातील वालचंदनगरच्या कारखान्यात चंद्रयान-३ च्या प्रक्षेपकाच्या महाकाय बूस्टरांच्या आवरणांचे खंड घडवले गेले. म्हणजे वेध घेणारे, गणित करणारे आणि लोखंड घडवणारे, तिघेही येथे आहेत. उणीव आहे ती या सर्वांना शाळेच्या वर्गाशी जोडणाऱ्या दुव्याची.

यावर कोणी म्हणेल की हे गणित तज्ज्ञांनी संगणकावर करावयाचे, सामान्य नागरिकाला त्याचे काय? हा आक्षेप वरवर समंजस आहे, म्हणून त्याचे उत्तर देणे अवश्य आहे. यानाचा नेमका मार्ग काढणे हे तज्ज्ञांचेच काम आहे आणि राहील. त्यात पृथ्वीचे चपटेपण, सूर्याचे आकर्षण, इंधनाचे वजन अशा अनेक गोष्टी येतात. परंतु राष्ट्राच्या पैशाने चाललेल्या कार्याचे कारण नागरिकाला कळणे हा त्याचा अधिकार आहे, आणि कारण कळले नाही तर त्याची जागा रिकामी राहत नाही, तेथे अफवा येऊन बसते. पहाटे २ वाजून ५१ मिनिटे ही वेळ का, हे कोणी सांगितले नाही तर तो मुहूर्त होता असे सांगणारा पुढे येणारच. उड्डाण एका आठवड्याने पुढे गेले तर अपशकुन झाला म्हणणारेही येणार. या समजुतींवर हसून त्या जात नाहीत. कारण सांगितल्याने जातात. आणि कारण समजण्याइतके गणित आपल्या मुलांना येते, हे मी वर केलेल्या हिशेबावरून दिसलेच आहे: एक वजाबाकी आणि एक भागाकार.

म्हणून माझ्या तीन सूचना आहेत. पहिली सूचना इस्रोला आणि शासनाला: उड्डाणाची तारीख व वेळ जाहीर करताना तिच्यामागचे कारण, उतरण्याच्या जागेचे रेखांश-अक्षांश आणि तेथील सूर्योदयाची वेळ, ही माहिती मराठीसह सर्व भारतीय भाषांत निवेदनातच द्यावी; एका पानात मावेल एवढा तो मजकूर आहे. दुसरी सूचना आपल्या पंचांगकर्त्यांना: दिनदर्शिका आणि पंचांगे आज महाराष्ट्राच्या घराघरांत पोचतात, त्यांच्या एका पानावर तिथी कशी काढतात आणि त्या तिथीला चंद्राच्या कोणत्या भागावर सूर्य उगवतो, हे सोदाहरण छापावे. फलज्योतिषाची पाने जितकी असतात, त्यांच्या तुलनेत हे एक पान अधिक होणार नाही.

तिसरी सूचना शाळांना, आणि तिचा मी सर्वांत अधिक आग्रह धरतो. २३ ऑगस्ट हा दिवस राष्ट्रीय अंतराळ दिन म्हणून घोषित झाला आहे आणि त्या दिवशी भाषणे, चित्रे, रांगोळ्या यांचे कार्यक्रम होतात. ते चांगलेच आहेत. परंतु त्या दिवशी प्रत्येक वर्गात एक उदाहरण फळ्यावर सोडवले जावे. ते असे: यंदाच्या २३ ऑगस्टला विक्रमच्या जागी दिवस आहे की रात्र? २०२५ सालच्या २३ ऑगस्टला अमावास्या होती. म्हणजे आपण विक्रमचा गौरव करीत होतो तेव्हा विक्रम स्वतः गाढ रात्रीत होता, आणि त्या दिवशी कोणतेही यान तेथे उतरू शकले नसते. इंग्रजी तारीख तीच असूनही चंद्रावरची वेळ पार उलटी, हे मुलांना जेव्हा स्वतःच्या वहीत सापडेल, तेव्हा सौरमास, चांद्रमास, अधिक मास आणि तिथी या सर्व कल्पना त्यांना एकदम जिवंत होऊन भेटतील. हे शिकवण्यासाठी शिक्षकांची तयारी करून घेण्याचे काम ज्योतिर्विद्या परिसंस्था आणि आयुका यांच्या साहाय्याने महापालिकेच्या शिक्षण विभागाने हाती घ्यावे. त्यासाठी दुर्बीण लागत नाही, संगणकही लागत नाही. लागते ते एक पंचांग, आणि ते विद्यार्थ्याच्या घरी भिंतीवर आधीच टांगलेले आहे.

ही निकड आता वाढत जाणार आहे. केंद्रीय मंत्रिमंडळाने सप्टेंबर २०२४ मध्ये चंद्रयान-४ ला मंजुरी दिली. त्या मोहिमेत यानाचे भाग दोन प्रक्षेपकांतून वेगवेगळे वर जातील, पृथ्वीभोवती एकमेकांशी जोडले जातील, चंद्रावरची माती गोळा करून पुन्हा पृथ्वीवर आणतील. अशा जोडणीचा प्रयोग १६ जानेवारी २०२५ रोजी यशस्वी झालेला आहे. तेथे एक घटिका साधून भागणार नाही. दोन उड्डाणांच्या वेळा एकमेकींशी जुळल्या पाहिजेत, त्या दोन्ही चंद्रावरच्या पहाटेशी जुळल्या पाहिजेत, आणि परतीची वेळ पृथ्वीवरच्या उतरणीशी जुळली पाहिजे. यांपैकी एखादी वेळ चुकली तर उड्डाण तहकूब होईल, कदाचित महिनाभर लांबेल, आणि देशभर अधीरतेचे, टीकेचे व तर्कवितर्कांचे मोहोळ उठेल. त्या दिवशी शांतपणे वही उघडून, आता पुढची अनुकूल तिथी कोणती, असा हिशेब करणारी पिढी आपल्याकडे असली पाहिजे. ती घडवण्याची जबाबदारी सर्वांआधी त्या शहराची आहे, ज्याने ग्रंथाहून आकाशाला प्रमाण मानण्याचा धडा महाराष्ट्राला दिला. आणि त्या कामाला येत्या शैक्षणिक वर्षापासूनच आरंभ व्हावा.